मारुती सुझुकी डिझायर व टाटा टिगोर यांच्या विक्रीतील तफावत

मारुती सुझुकी डिझायर आणि टाटा टिगोर या चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, किफायती वर्गातील दोन भारतीय सेडान मोटारी आहेत. दोन्ही गाड्यांचा आकार, आसनक्षमता, इंजिनाची क्षमता आणि किंमत परस्परांच्या जवळपास आहेत. असे असूनही त्यांच्या विक्रीत सातत्याने मोठी तफावत राहिली आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही आर्थिक वर्षांत डिझायरची विक्री दीड लाखाहून अधिक होती. टिगोरची मासिक विक्री मात्र बहुतेक काळ काही हजारांपुरतीच मर्यादित राहिली. ही तफावत केवळ तांत्रिक गुणवत्तेतून उद्भवलेली नाही. करधोरण, इंधनखर्च, टॅक्सी व्यवसाय, दुरुस्तीची सोय, जुन्या गाडीला मिळणारी किंमत आणि टाटा मोटर्सच्या स्वतःच्याच इतर गाड्यांशी असलेली स्पर्धा, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. वर्धा जिल्ह्यासारख्या, महानगरापासून दूर असलेल्या भागात यांपैकी काही कारणांचे वजन अधिक असते, तर काहींचे कमी होते.

वर्गाची पार्श्वभूमी

चार मीटरपेक्षा कमी लांबीची सेडान हा प्रकार प्रामुख्याने भारतीय करपद्धतीतून जन्माला आला. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिनाची क्षमता पेट्रोलसाठी १,२०० घनसेंटिमीटर अथवा डिझेलसाठी १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत असलेली गाडी ‘लहान’ ठरवली गेली. २००८ मध्ये हे शुल्क आणखी कमी करून १२ टक्के करण्यात आले. पुढे दर अनेकदा बदलले, परंतु लहान व मोठ्या गाड्यांवरील करात ठळक अंतर ठेवण्याचे तत्त्व कायम राहिले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाही हीच व्याख्या पुढे चालू राहिली. सर्व मोटारींवर २८ टक्के कर आकारून त्यावर लहान पेट्रोल गाड्यांसाठी १ टक्का व लहान डिझेल गाड्यांसाठी ३ टक्के उपकर ठेवण्यात आला. मोठ्या गाड्यांवरील उपकर त्याहून कितीतरी अधिक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर १८ टक्के झाला आणि उपकर रद्द झाला.

या करसवलतीचा लाभ घेण्यासाठी उत्पादकांनी आपल्या हॅचबॅक गाड्यांना आखूड डिकी जोडून सेडान तयार केल्या. डिझायरचा पाया स्विफ्ट, तर टिगोरचा पाया टियागो ही गाडी आहे. होंडा अमेझ (२०१३), ह्युंदाई एक्सेंट (२०१४) व ऑरा (२०२०), तसेच पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणारी फोक्सवागन अमिओ (२०१६) या गाड्याही याच वर्गातील होत. याउलट महिंद्र आणि रेनो यांनी २००७ मध्ये नाशिक येथून बाजारात आणलेली लोगान ही सेडान चार मीटरपेक्षा लांब असल्याने तिला ही सवलत मिळू शकली नाही.

इंडिगो सीएस आणि पहिली डिझायर

या वर्गातील पहिली सेडान टाटा मोटर्सची होती. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने इंडिगो सीएस ही गाडी सादर केली. पुण्याजवळील पिंपरी येथे तयार होणाऱ्या मूळ इंडिगो सेडानची डिकी आखूड करून तिची लांबी ३,९८८ मिलिमीटर करण्यात आली होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २००८ मध्ये, मारुती सुझुकीची स्विफ्ट डिझायर आली. तिची लांबी ४,१६० मिलिमीटर होती. त्यामुळे तिच्यावर मोठ्या गाडीचे शुल्क लागू झाले.

म्हणजेच आरंभी करसवलत आणि प्रथम येण्याचा लाभ, या दोन्ही गोष्टी टाटांच्या बाजूने होत्या. इंडिगो मालिकेने पुढील काही वर्षे डिझायरशी खरीखुरी स्पर्धाही केली. विशेषतः डिझेल टॅक्सीच्या बाजारात तिचे स्थान भक्कम होते. २०१० मध्ये आलेल्या इंडिगो ईसीएस या आवृत्तीत कॉमन रेल पद्धतीचे १.४ लिटर डिझेल इंजिन बसवण्यात आले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये डिझायरची दुसरी पिढी आली आणि परिस्थिती पालटली. या गाडीची लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेपेक्षा पाच मिलिमीटर कमी ठेवण्यात आली. तिचे पेट्रोल इंजिन १.२ लिटरचे व डिझेल इंजिन १,२४८ घनसेंटिमीटरचे होते. त्या वेळी लहान गाड्यांवरील शुल्क १० टक्के आणि मोठ्या गाड्यांवरील २२ टक्के असल्याने डिझायरला मोठा करलाभ मिळाला. इंडिगो सीएसचा एकमेव निर्णायक लाभ अशा रीतीने संपुष्टात आला. डिझेल त्या काळी पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असल्याने डिझेल डिझायरसाठी ग्राहकांना कित्येक महिने थांबावे लागत असे.

इंजिन हेच यशाचे कारण होते, असे मात्र म्हणता येत नाही. डिझायरमधील १.३ लिटर डिझेल इंजिन मूळचे इटलीच्या फियाट कंपनीचे होते व मारुती समूह ते परवान्याने तयार करीत असे. तेच मूळ इंजिन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील फियाटच्या कारखान्यात तयार होऊन ‘क्वाड्राजेट’ या नावाने टाटांच्या इंडिगो मांझा (२००९) आणि झेस्ट (२०१४) या सेडान गाड्यांतही बसवले गेले. एकाच घराण्याचे इंजिन असूनही विक्रीचे आकडे मात्र वेगळे राहिले. यावरून ग्राहकाच्या निवडीची कारणे इंजिनाबाहेर शोधावी लागतात.

टिगोरचे आगमन आणि दोन्ही गाड्यांची तुलना

टाटा टिगोर २९ मार्च २०१७ रोजी बाजारात आली. तिचे उत्पादन गुजरातमधील साणंद येथे होते. त्यानंतर दीड महिन्यातच, १६ मे २०१७ रोजी, डिझायरची तिसरी पिढी सादर झाली. तिचे वजन आधीच्या पिढीच्या तुलनेत पेट्रोल प्रकारात सुमारे ८५ किलो, तर डिझेल प्रकारात सुमारे १०५ किलोंनी कमी करण्यात आले होते. २०१७ मधील दोन्ही गाड्यांची प्रमुख परिमाणे पुढीलप्रमाणे होती.

| घटक | डिझायर (२०१७) | टिगोर (२०१७) |
|---|---|---|
| लांबी | ३,९९५ मिमी | ३,९९२ मिमी |
| रुंदी | १,७३५ मिमी | १,६७७ मिमी |
| पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर | २,४५० मिमी | २,४५० मिमी |
| डिकीची क्षमता | ३७८ लिटर | ४१९ लिटर |
| पेट्रोल इंजिन | १.२ लिटर, चार सिलिंडर | १.२ लिटर, तीन सिलिंडर |
| प्रमाणित मायलेज, पेट्रोल | २२ किमी प्रतिलिटर | २०.३ किमी प्रतिलिटर |
| प्रमाणित मायलेज, डिझेल | २८.४ किमी प्रतिलिटर | २४.७ किमी प्रतिलिटर |

टिगोरची डिकी मोठी आहे. डिझायर रुंद असल्याने मागील आसनावर तिघांना बसण्यास ती अधिक सोयीची ठरते. डिझायरच्या त्या पिढीतील चार सिलिंडरचे इंजिन तीन सिलिंडरच्या इंजिनापेक्षा कमी कंप पावणारे होते. हे फरक खरे असले तरी एका गाडीची विक्री दुसरीच्या अनेक पट व्हावी एवढे मोठे नाहीत. २०१८ या वर्षात डिझायर ही भारतातील सर्वाधिक विक्रीची मोटार ठरली. तिची वार्षिक विक्री अडीच लाखांच्या पुढे गेली होती.

तफावतीची कारणे

इंधनखर्च

प्रमाणित मायलेजमधील फरक किती महत्त्वाचा आहे, हे गाडी किती चालते यावर अवलंबून असते. उदाहरणादाखल, महिन्याला ८०० किलोमीटर चालणारी घरगुती पेट्रोल गाडी घेतली, तर २२ आणि २०.३ या आकड्यांनुसार दोन गाड्यांमधील फरक महिन्याला सुमारे तीन लिटरचा येतो. पेट्रोलचा दर प्रतिलिटर १०० रुपये धरल्यास ही रक्कम महिन्याला ३०० रुपयांच्या आसपास जाते. केवळ तेवढ्यासाठी कुटुंबाने गाडी बदलून निवडावी, असे सहसा घडत नाही.

टॅक्सीचे गणित वेगळे असते. २०२२ मध्ये दोन्ही गाड्यांच्या सीएनजी आवृत्त्या आल्या. त्यांचे प्रमाणित मायलेज डिझायरसाठी प्रतिकिलो ३१.१२ किलोमीटर आणि टिगोरसाठी २६.४९ किलोमीटर होते. महिन्याला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीला यानुसार अनुक्रमे सुमारे ९६ व ११३ किलो वायू लागतो. दर प्रतिकिलो ९० रुपये धरला, तर फरक महिन्याला सुमारे १,५०० रुपये, वर्षाला सुमारे १८,००० रुपये आणि पाच वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत सुमारे ९०,००० रुपये होतो. प्रत्यक्ष रस्त्यावरील मायलेज प्रमाणित आकड्यापेक्षा कमी असते. तरीही दोन गाड्यांमधील प्रमाण साधारण तसेच राहत असल्याने निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

टॅक्सी व्यवसाय

किफायती सेडानच्या एकूण मागणीत टॅक्सीचालक आणि गाड्या भाड्याने देणारे व्यावसायिक यांचा वाटा मोठा असतो. या ग्राहकवर्गाचा एक दुष्परिणामही असतो. एखादी गाडी टॅक्सी म्हणून सर्वत्र दिसू लागली की घरगुती ग्राहक तिच्यापासून दूर जाऊ लागतो. इंडिका आणि इंडिगो या टाटांच्या गाड्यांना हा अनुभव आला.

मारुती सुझुकीने या अडचणीवर नावाच्या विभागणीतून मार्ग काढला. २०१२ मध्ये दुसरी पिढी आल्यानंतर जुन्या बांधणीची गाडी ‘डिझायर टूर’ या नावाने टॅक्सीसाठी चालू ठेवण्यात आली. पुढेही हाच क्रम राहिला व ‘टूर एस’ हे नाव रूढ झाले. त्यामुळे टॅक्सीचालकाला परिचित यंत्रणेची, कमी किमतीची गाडी मिळत राहिली आणि घरगुती ग्राहकाला नव्या रूपाची गाडी टॅक्सीहून वेगळी दिसत राहिली. टाटा मोटर्सने २०२१ मध्ये टिगोरवर आधारित विद्युत गाडीला ‘एक्सप्रेस-टी’ हे स्वतंत्र नाव देऊन टॅक्सी वापरासाठी राखून ठेवले, परंतु तोवर या वर्गातील टॅक्सीची सवय डिझायरच्या बाजूने पक्की झाली होती.

दुरुस्तीची सोय आणि नावाचे सातत्य

मारुती सुझुकीचे सेवाजाळे देशात सर्वांत मोठे आहे. २०२४ मध्ये तिच्या सेवाकेंद्रांच्या संख्येने ५,००० चा टप्पा गाठला. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अधिकृत केंद्राबाहेरचे ज्ञान. डिझायर आणि स्विफ्ट यांचे असंख्य सुटे भाग समान आहेत. २००५ पासून रस्त्यावर असलेल्या स्विफ्टमुळे तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्येही या गाड्यांची माहिती असलेला मेकॅनिक सापडतो आणि त्यांचे भाग स्पेअर पार्टच्या साध्या दुकानातही मिळतात. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने गाडी एक दिवस उभी राहणे म्हणजे एका दिवसाची कमाई बुडणे होय. म्हणून दुरुस्ती किती लवकर होते, हा प्रश्न दुरुस्तीला किती पैसे लागतात या प्रश्नाइतकाच मोठा असतो.

नावाच्या सातत्याचाही परिणाम होतो. २००८ पासून डिझायर हे नाव चार पिढ्यांत टिकून राहिले. टाटांच्या बाजूने याच काळात इंडिगो सीएस, झेस्ट आणि टिगोर ही तीन नावे आली. त्यांपैकी पहिली दोन बंद झाली. बंद झालेल्या गाडीचे भाग पुढे मिळतील की नाही, ही शंका ग्राहकाच्या मनात राहते आणि तिचे सावट नव्या नावावरही पडते.

जुन्या गाडीची किंमत

गाडीचा खरा खर्च म्हणजे खरेदीची किंमत व विकताना मिळणारी किंमत यांतील फरक, अधिक वापराचा खर्च. समजा, एक गाडी सात लाख रुपयांना घेतली आणि पाच वर्षांनी चार लाखांना विकली. दुसरी पावणेसात लाखांना घेतली आणि तीन लाखांना विकली. शोरूममध्ये पंचवीस हजारांनी स्वस्त वाटलेली दुसरी गाडी प्रत्यक्षात पाऊण लाखाने महाग पडते. हे आकडे कल्पित असले तरी जुन्या गाड्यांच्या बाजारातील तर्क याच पद्धतीने चालतो.

या बाबतीत विक्री आणि किंमत एकमेकींना आधार देतात. टॅक्सीचालकांची मागणी असल्याने जुनी डिझायर लवकर विकली जाते. लवकर विकली जाते म्हणून तिला चांगला दर मिळतो. दर चांगला मिळतो म्हणून नवा ग्राहक, त्याला इंधनबचतीचा फारसा लाभ होत नसला तरी, तिच्याकडेच वळतो. मारुती सुझुकीने २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ या नावाने जुन्या गाड्यांचा संघटित व्यवसाय सुरू केल्यामुळे या चक्राला आणखी गती मिळाली. टिगोरच्या बाबतीत हेच चक्र उलट दिशेने फिरते.

टाटांच्याच इतर गाड्या

टिगोरचे स्पर्धक केवळ दुसऱ्या कंपनीचे नव्हते. सप्टेंबर २०१७ मध्ये रांजणगाव येथे तयार होणारी नेक्सॉन आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पंच या टाटांच्या उंच बांधणीच्या गाड्या आल्या. टिगोरच्या वरच्या प्रकाराच्या किमतीत पंच मिळू लागली. २०२४ या वर्षात पंच ही देशातील सर्वाधिक विक्रीची मोटार ठरली. म्हणजे टाटांकडे वळलेला ग्राहक कंपनीकडून दूर गेला नाही. तो सेडानकडून उंच गाडीकडे गेला. कंपनीचे लक्ष, जाहिरात आणि उत्पादनक्षमताही साहजिकच तिकडे वळली. टिगोरची कमी विक्री म्हणजे टाटा मोटर्सचे अपयश, हा निष्कर्ष म्हणून अपुरा ठरतो.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार १३,००,७७४ लोकसंख्या असलेल्या वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः कापूस आणि सोयाबीन या पिकांवर आधारलेली आहे. शेतीचे उत्पन्न वर्षातून ठरावीक काळातच हाती येते. त्यामुळे दसरा-दिवाळी ते गुढीपाडवा-अक्षय्य तृतीया या काळातील मुहूर्तांना मोटारखरेदीत विशेष स्थान असते. पावसाने दगा दिला किंवा कापसाचा भाव पडला, तर हप्ता थकण्याची भीती असते. गाडी वेळप्रसंगी पटकन विकून पैसा उभा करता येणे, ही अशा कुटुंबासाठी चैनीची नव्हे तर सुरक्षिततेची बाब ठरते. जुन्या गाडीची किंमत हा घटक म्हणूनच येथे अधिक प्रभावी असतो.

जिल्ह्यातील भाड्याच्या गाड्यांचे स्वरूपही महानगरांहून वेगळे आहे. येथील मागणी प्रामुख्याने सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपूरचे विमानतळ, न्यायालय व रुग्णालये, सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालये, वर्धा व सेवाग्राम ही रेल्वे स्थानके आणि पवनार-सेवाग्राम येथील आश्रम यांच्याशी जोडलेली आहे. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासापेक्षा अशा सलग लांब प्रवासात इंधन कमी लागते. मात्र एका खेपेत अधिक किलोमीटर होतात. मागे बसणाऱ्या प्रवाशांमध्ये रुग्ण आणि वृद्ध बरेच असतात. अशा वेळी आसनाची रुंदी आणि गाडीचा कमी कंप या गोष्टी कागदावरील आकड्यांपेक्षा जास्त जाणवतात.

सीएनजीचा मुद्दा मात्र विदर्भात निराळा आहे. मुंबई-पुण्यात नळवाहिनीतून वायू येतो. नागपूर परिसरात दीर्घकाळ तो द्रवरूपात टँकरने आणून पुन्हा वायुरूपात विकावा लागत असे. त्यामुळे २०२२ मध्ये नागपुरातील सीएनजीचा दर प्रतिकिलो १०० रुपयांच्या वर होता, म्हणजे जवळपास पेट्रोलच्या दराइतका. याचा परिणाम पुढील उदाहरणातून लक्षात येतो. महिन्याला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या डिझायरला पेट्रोल सुमारे १३६ लिटर अथवा सीएनजी सुमारे ९६ किलो लागतो. पेट्रोल १०० रुपये आणि सीएनजी ५० रुपये असेल, तर महिन्याची बचत सुमारे ८,८०० रुपये होते. दोन्हींचे दर १०० रुपये असतील, तर ती सुमारे ४,००० रुपयांवर येते. सीएनजी आवृत्तीची वाढीव किंमत ९५,००० रुपये धरल्यास पहिल्या स्थितीत ती सुमारे अकरा महिन्यांत आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे दोन वर्षांत भरून निघते.

म्हणून पुण्यातील टॅक्सीचालकासाठी योग्य असलेला निर्णय वर्ध्यातील टॅक्सीचालकासाठी तसाच योग्य असेल, असे नाही. सीएनजी पंप किती अंतरावर आहे, हा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. दुसरीकडे, सीएनजीची टाकी डिझायरच्या डिकीतील बरीचशी जागा व्यापते. टाटांनी २०२३ मध्ये टिगोरमध्ये दोन लहान टाक्या तळाशी बसवण्याची रचना आणली, त्यामुळे सामानासाठी अधिक जागा उरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी स्वयंचलित गिअरची टिगोरही उपलब्ध झाली. सामानासह विमानतळ किंवा रेल्वे स्थानक गाठणाऱ्या प्रवाशांची वाहतूक करणाऱ्याला हा लाभ प्रत्यक्षात उपयोगी पडतो.

सुरक्षितता

विक्री आणि सुरक्षितता यांचा संबंध या दोन गाड्यांच्या इतिहासात बराच काळ उलटा होता. जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत टिगोरला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले. डिझायर जिच्यावर आधारित आहे त्या स्विफ्टला याच संस्थेने २०१८ मध्ये दोन तारे दिले होते. २०२२ मध्ये निकष अधिक कठोर झाल्यावर स्विफ्टला एकच तारा मिळाला. तरीही या काळात डिझायरची विक्री टिगोरच्या कितीतरी पुढे राहिली. इंधन व पुनर्विक्री यांतील लाभ दर महिन्याला अथवा गाडी विकताना रुपयांत मोजता येतो; सुरक्षिततेचा लाभ अपघात घडल्याखेरीज दिसत नाही. त्यामुळे ग्राहकाच्या हिशेबात तिचे मूल्य कमी धरले जाते.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला अलीकडे अधिक महत्त्व आले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी या टप्प्याचे उद्घाटन झालेला समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो आणि त्यावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. हिंगणघाटवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हाही वेगवान वाहतुकीचा मार्ग आहे. अपघात-चाचणीतील समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने दिली जाते. तिच्यात मिळालेले तारे त्याहून अधिक वेगाच्या धडकेत तितकेच संरक्षण मिळेल अशी हमी देत नाहीत. ते केवळ समान परिस्थितीत एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यास उपयोगी पडतात. गाडी कोणतीही असली तरी वेगावर नियंत्रण आणि मागील आसनावरही पट्ट्याचा वापर यांना पर्याय नाही.

अलीकडील बदल

११ नोव्हेंबर २०२४ रोजी डिझायरची चौथी पिढी सादर झाली. तिच्यात चार सिलिंडरऐवजी तीन सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन आहे, सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आहेत आणि तिचे प्रमाणित मायलेज पेट्रोलसाठी प्रतिलिटर २४.७९ किलोमीटर, तर सीएनजीसाठी प्रतिकिलो ३३.७३ किलोमीटर आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला प्रौढांसाठी पाच तारे मिळाले. मारुती सुझुकीच्या कोणत्याही गाडीला मिळालेले हे पहिले पाच तारे होत. अशा रीतीने टिगोरची सुरक्षिततेतील आघाडी संपुष्टात आली, तर डिझायरने चार सिलिंडरच्या इंजिनाचा जुना लाभ स्वतःहून सोडला. डिसेंबर २०२४ मध्ये डिझायरच्या एकूण उत्पादनाने ३० लाखांचा टप्पा ओलांडला.

विद्युत गाड्यांच्या बाबतीत मात्र टाटांनी आघाडी घेतली. ऑगस्ट २०२१ मध्ये सादर झालेली सुधारित टिगोर ईव्ही ही या वर्गातील विद्युत सेडान असून डिझायरची विद्युत आवृत्ती बाजारात आलेली नाही.

विक्रीचे आकडे वाचताना

या विषयावरील आकड्यांचा अर्थ लावताना काही बाबी ध्यानात ठेवणे आवश्यक असते. उत्पादक दरमहा जाहीर करतात ती संख्या बहुधा विक्रेत्यांकडे पाठवलेल्या गाड्यांची असते, ग्राहकांनी घेतलेल्या गाड्यांची नव्हे. प्रत्यक्ष खरेदीचे चित्र परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या नोंदणीप्रणालीतून अधिक स्पष्ट होते. वर्धा जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच ३२ या संकेतांकाने होते. परंतु जिल्ह्यात चालणाऱ्या सर्व गाड्या येथेच नोंदलेल्या असतात असे नाही, कारण काही गाड्या नागपुरातून किंवा जुन्या बाजारातून आलेल्या असतात. डिझायरच्या आकड्यांत टॅक्सीसाठीची ‘टूर’ आवृत्ती धरली आहे की नाही, हेही पाहावे लागते.

अधिक विक्री म्हणजे अधिक गुणवत्ता, असे समीकरण मांडता येत नाही. अधिक विक्रीवरून एवढेच सिद्ध होते की बहुसंख्य ग्राहकांच्या गरजांशी त्या गाडीचा मेळ अधिक चांगला बसतो. वर्षाला थोडेच किलोमीटर चालवणाऱ्या, गाडी दीर्घकाळ स्वतःकडेच ठेवणाऱ्या आणि मोठ्या डिकीची गरज असलेल्या ग्राहकाला डिझायरचे इंधनबचत व पुनर्विक्री हे दोन प्रमुख लाभ फारसे मिळत नाहीत; त्याच्यासाठी सवलतीत मिळणारी टिगोर अधिक किफायतशीर ठरू शकते. रोज नागपूरची खेप करणाऱ्या आणि पाच वर्षांनी गाडी विकून दुसरी घेणाऱ्या टॅक्सीचालकाचा हिशेब मात्र बहुतेक वेळा डिझायरकडेच झुकतो.